घराची दुसरी किल्ली कुणाकडे?

तुमच्या घराची दुसरी किल्ली सध्या कुणाकडे असते? प्रश्न जरा खासगी आहे, पण हितगुज म्हटल्यावर एवढं विचारायला हरकत नसावी. डोंबिवलीत रामनगरला मी पाळणाघर चालवत होते, तेव्हा नवीन मूल घेताना आईवडिलांना मी हे आधी विचारायची. फी, जेवण, दुपारची झोप हे सगळं नंतर. किल्ली समोरच्या मावशींकडे आहे, मागच्या इमारतीतल्या आजोबांकडे आहे, खालच्या इस्त्रीवाल्याकडे आहे, असं काही ऐकलं की मला हायसं वाटायचं. गाडी बंद पडली तरी या मुलाला न्यायला कुणीतरी येणार, हे त्यातून कळायचं. हल्ली ओळखीच्या तरुण आईबापांना हाच प्रश्न विचारला की ते गोंधळतात. 'आमच्या दाराला नंबरचं कुलूप आहे,' असं एकानं सांगितलं. दुसरी म्हणाली, 'किल्ली कशाला काकू, आमच्यापैकी कुणीतरी घरीच असतं.'

हे 'कुणीतरी घरीच असतं' करोनानंतरचं आहे. ऐकायला किती छान वाटतं! ज्या गावांत आईबाप सकाळी साडेसातची गाडी पकडून रात्री आठला परतत, तिथे दुपारी तीन वाजता वडील घरात दिसणं म्हणजे चैनच. तरीही गेली काही वर्षं ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या मुलांकडे बघताना मला वाटतं, की करोनानं आईबापांना घरी आणून बसवलं आणि त्याच हातानं मुलांभोवतीची बाकीची माणसं उचलून नेली. आईबाप घरी आले याचा आनंद इतका होता, की काय गेलं ते मोजायचं राहून गेलं.

काय गेलं, ते सांगते. आपली शहरं रेल्वेच्या वेळापत्रकावर वाढली. १६ एप्रिल १८५३ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तेव्हापासून पोट मुंबईत आणि बिऱ्हाड इकडे, ही विभागणी हळूहळू पक्की होत गेली. पुढे बायकाही नोकरीला निघाल्या आणि दिवसातले दहा-बारा तास घरात मोठं माणूस उरेना. मग ते तास भरून काढायला एक साखळी तयार झाली. ती कुणी आखली नव्हती. सकाळी आजी दूध देणार, रिक्षावाले काका शाळेत सोडणार, शाळेतून मूल थेट पाळणाघरात येणार, चार वाजता शिकवणीच्या बाईंकडे, तिथून खाली खेळायला, अंधार पडला की शेजारच्या घरी टीव्हीसमोर. आई स्टेशनवर उतरली की पोळीभाजी केंद्रातून पोळ्या घेणार आणि मूल जिथे असेल तिथून उचलणार. डोंबिवलीच्या पोळीभाजी केंद्रांची बाहेरच्या लोकांनी पुष्कळ थट्टा केली. करेनात का. त्या केंद्रांनी किती बायकांच्या नोकऱ्या टिकवल्या, ते आम्हाला ठाऊक आहे.

या साखळीची परीक्षा २६ जुलै २००५ला झाली. गाड्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या, फोन लागेनात, आईबाप कुठे अडकलेत काही कळेना. पाळणाघरातली मुलं त्या रात्री माझ्याकडेच झोपली. खिचडी, मेणबत्ती, भुताच्या गोष्टी. मुलांनी तर सण साजरा केला. कुणाची आई रुळांवरून चालत दुसऱ्या दिवशी आली, कुणाचे बाबा त्याच्याही नंतर. पण एकाही घरात 'मुलाचं काय झालं असेल' म्हणून आकांत झाला नाही. मूल कुणाच्या तरी हातात आहे, याची खात्री होती.

मार्च २०२०मध्ये मात्र ही साखळी एकदमच तुटली. शाळा आधीच बंद झाल्या होत्या. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, लोकल थांबल्या, २५पासून देशभर टाळेबंदी. आजी-आजोबांना जपायचं म्हणून त्यांच्यापासून मुलं दूर ठेवली. शेजारचं दार बंद, रिक्षा बंद, शिकवणी बंद, पाळणाघर बंद. ज्यांना घरी बसणं शक्यच नव्हतं, त्यांचे हाल मी पाहिले आहेत. रुग्णालयातल्या परिचारिका, महापालिकांचे कर्मचारी, बँकांतली माणसं एसटी आणि बेस्टच्या बसनं मुंबईला जात होती. डोंबिवलीच्या इंदिरा चौकात पहाटेपासून बसच्या रांगा लागायच्या. १५ जून २०२०ला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये ठरावीक वेळेत सगळ्या बायकांना मुभा मिळाली, आणि दोन डोस घेतलेल्या सर्वसामान्यांना गाडी खुली व्हायला १५ ऑगस्ट २०२१ उजाडला. म्हणजे आई नोकरीवर रुजू झाली तेव्हा शाळा सुरू नव्हती आणि पाळणाघरही नव्हतं. अशा वेळी काही शेजारणींनी भीती बाजूला ठेवून परिचारिकांची मुलं सांभाळली. त्यांच्यासाठी कुणी थाळ्या वाजवल्या नाहीत.

नंतर सगळं उघडलं. २०२२च्या गुढीपाडव्याला मास्कची सक्ती गेली, मे २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. गाड्या तर अशा भरल्या, की जणू मध्ये काही घडलंच नाही. जून २०२५मध्ये दिवा-मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसं पडून जीव गेले, ते तुम्ही विसरला नसाल. पण साखळी पूर्वीसारखी जुळली नाही. माझ्यासारख्या घरगुती पाळणाघरवाल्या दोन वर्षं मुलांवाचून बसल्या. मदतीला येणाऱ्या मावशी गावी गेल्या त्या तिकडेच रमल्या. मग पुन्हा उघडायला ना उमेद उरली ना वय. जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या, शेजारी भाड्याच्या घरांत पांगले. घोडबंदर रोडला किंवा पलावाला नव्या संकुलात राहायला गेलेल्यांना सोळाव्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं आडनाव गेटवरच्या अ‍ॅपमध्ये वाचायला मिळतं. आणि मुख्य म्हणजे गरज संपली, असं सगळ्यांना वाटलं. आठवड्यातले दोन-तीन दिवस आई घरी, उरलेले बाबा घरी. मग पाळणाघराचे पैसे कशाला?

आता तुमच्या घरातली दुपार मुलाच्या बाजूनं बघू.

मूल शाळेतून येतं. आई दिसते. कानात हेडफोन, डोळे पडद्यावर, हातानं 'थांब'ची खूण. मूल थांबतं. पूर्वी आई दिसायची नाही आणि मूल तिची वाट बघत खेळायचं. आता आई दिसते, म्हणून ते खेळायचं सोडून वाट बघत बसतं. आमच्या इमारतीतली एक पाच वर्षांची पोर 'आई' अशी हाक मारायच्या आधी कुजबुजत विचारते, 'मीटिंग आहे?' एका मुलाला लॅपटॉपच्या कॅमेऱ्याजवळचा दिवा बरोबर कळतो. तो दारातून डोकावून दिवा बघतो आणि परत फिरतो. एवढ्या लहान वयात एवढी समज आली म्हणून त्याचे आईबाप कौतुक करतात. मला कौतुक वाटत नाही. दर पाच मिनिटांनी डोकावून यायला लागणं हे त्या मुलाचं दुपारभराचं काम झालंय.

वनबीएचकेत तर हा खेळ अधिकच अवघड. बैठकीच्या खोलीत बाबांची मीटिंग, आतल्या खोलीत आईची, मधल्या तीन फुटांच्या बोळात मूल. त्याला आवाज करायचा नाही. मग आवाज न करण्याचा जो एक खात्रीचा उपाय आपल्या हातात असतो, तो आपण त्याच्या हातात देतो. 'हल्लीची मुलं मोबाइलला चिकटलेली असतात' ही तक्रार मी पालकांकडून रोज ऐकते. त्या तक्रारीत तथ्य आहेच. पण पाच ते सहाच्या मीटिंगमध्ये तुमच्याकडे दुसरा काय पर्याय होता, हेही खरं सांगा. तुम्हाला दोष द्यायचा म्हणून हे म्हणत नाही. एकाच वेळी नोकरी आणि मूल सांभाळता येतं, अशी समजूत करोनानं आपल्या सगळ्यांच्या गळ्यात मारली. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. अपवादाच्या काळात जे कसंबसं निभावलं, तीच पुढे घराची पद्धत होऊन बसली.

आणि या पद्धतीचं ओझं दोघांवर सारखं पडत नाही, हे तर मुलंच सांगतात. ओळखीच्या एका मुलाला मी विचारलं, 'आई काय करते रे?' तो म्हणाला, 'आई घरी असते.' 'आणि बाबा?' 'बाबा घरून ऑफिसचं काम करतात.' दोघंही एकाच टेबलाशी समोरासमोर बसून काम करतात. पगारही जवळपास सारखा. पण बेल वाजली की कोण उठतं, कुरियर कोण घेतं, गॅस कोण बंद करतं, हे त्यानं पाहिलेलं आहे. सासूबाईंचा फोन येतो, 'तू घरीच आहेस ना, मग जरा...' या 'जरा'मध्ये बँकेपासून दळणापर्यंत काहीही येतं. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकून का होईना, या बायकांना येताजाता दीड दीड तास स्वतःचा मिळायचा. भाजी निवडणं, भिशी, हळदीकुंकू, भांडणं, डुलकी, सगळं त्या डब्यात व्हायचं. गर्दी सुटली म्हणून आनंद मानताना त्याबरोबर मैत्रिणीही सुटल्या. काही जणी मला म्हणतात, 'काकू, ऑफिसचा दिवस असला की सुटल्यासारखं वाटतं.' त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही, एवढंच मी त्यांना सांगते.

कायद्याचंही थोडं सांगते. २०१७मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि पन्नास किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, असंही ठरलं. हेतू फार चांगला. पण नरिमन पॉइंटच्या कार्यालयातलं पाळणाघर डोंबिवलीच्या आईच्या काय कामाचं? कडेवर तान्हं मूल घेऊन सकाळी आठच्या फास्ट लोकलमध्ये चढून दाखवावं कुणी. आपल्या भागातल्या आईला पाळणाघर हवं ते घराजवळ किंवा स्टेशनजवळ. आता घरून काम आल्यावर कंपन्यांना वाटतं, सोयीचा प्रश्नच मिटला. तुमच्यापैकी कुणाच्या कंपनीत अशा गोष्टींबद्दल मत विचारत असतील, तर घराजवळच्या पाळणाघराची फी द्या, असं लिहून बघा. ऑफिसातल्या कॉफीच्या यंत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

मधल्या काळात सरकारनंही एक गोष्ट केली, जी मुलांच्या झोपेसाठी उत्तम आणि आपल्या भागातल्या आईबापांसाठी पेचाची आहे. फेब्रुवारी २०२४च्या आदेशानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं सांगितलं गेलं. मुलांना झोप हवीच. मी त्या बाजूची आहे. पण आईची गाडी आठची आणि शाळा नऊची, तर मधला तास कुणाचा? ऑफिसच्या दिवशी पुन्हा शेजारणीची आठवण येते, आणि शेजारणीशी ओळख तर नुसती लिफ्टमधली.

आणखी एक बदल इतका हळूच झाला, की आता तो तुम्हाला बदल वाटतही नसेल. गृहपाठ. पूर्वी बाई फळ्यावर लिहायच्या, मूल वहीत उतरवून आणायचं, विसरलं तर मित्राच्या घरी जाऊन विचारायचं. टाळेबंदीत शाळा फोनवर आली तेव्हा गृहपाठही पालकांच्या फोनवर आला. शाळा पुन्हा वर्गात गेली. गृहपाठ तुमच्या फोनवरच राहिला. आता मुलाला काही लक्षात ठेवावं लागत नाही आणि तुम्हाला रात्री दहाला कळतं, की उद्या पिवळा शर्ट आणि हिरवा कार्डपेपर हवाय. मग गटावर पन्नास संदेश. शाळेशी बोला. सूचना गटावर आल्या तर येऊ देत, पण वर्गात डायरी लिहून घ्या, असं सुचवा. आणि शाळेनं ऐकलं नाही, तरी तुम्ही आठवडाभर गट न उघडून बघा. एखादा कार्डपेपर राहील. मूल बाईंची बोलणी खाईल आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन स्वतः सांगेल, की उद्या काय हवंय.

अभ्यासाची मात्र फार धास्ती घेऊ नका. 'करोनात पाया कच्चा राहिला' म्हणून सहावी-सातवीतल्या मुलांना दोन दोन क्लास लावलेले मी बघते. 'असर' या देशव्यापी पाहणीत, ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०१८मध्ये २७.३ टक्के होती. २०२२मध्ये ती २०.५ टक्क्यांवर घसरली आणि २०२४मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आली. मुळातला आकडा लाजिरवाणाच आहे, तो वेगळा विषय. पण घसरलेलं वाचन शाळा उघडल्यावर दोन वर्षांत जागेवर आलं, तेही खेड्यांतल्या मुलांचं, जिथे बहुतेकांकडे क्लास नसतो की घरी इंग्रजी मासिकं नसतात. पुस्तकातलं भरून निघतं. पहिली-दुसरी मोबाइलवर झालेल्या मुलांचं जे भरून निघालेलं मला दिसत नाही, ते वेगळंच आहे. खेळात बाद झाल्यावर चिडून घरी निघून जायचं आणि पाच मिनिटांनी स्वतःच परत यायचं, हे त्यांना येत नाही. घरी निघून जातात ते तिथेच राहतात. पाळणाघरात हे शिकायला तीन वर्षांचं मूल आणि आठवडाभराचा वेळ पुरायचा, कारण निघून जायला दुसरी जागाच नसायची.

एक विषय काढू की नको, असं वाटत होतं, काढतेच. करोनात तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारनं पाच लाखांची ठेव ठेवली, केंद्राची योजना आली. ते आवश्यकच होतं. पण ज्यांची आजी गेली, आजोबा गेले, त्या मुलांचा हिशेब कुठल्याच यादीत नाही, आणि आपल्या भागात तर आजी-आजोबा हेच दिवसाचे आईबाप होते. बाळकुमच्या कोविड रुग्णालयात किंवा डोंबिवलीच्या क्रीडासंकुलातल्या केंद्रात आजोबा गेले ते परत आलेच नाहीत. मुलाला म्हणे गावी गेलेत म्हणून सांगितलं. शेवटचं दर्शन नाही, दहावा-तेरावा नाही, घर भरून माणसं आली नाहीत. तेव्हा पाच-सहा वर्षांचं असलेलं ते मूल आता वयात येतंय. त्याला सगळं कळलेलं आहे. फक्त तुम्ही त्याच्याशी बोललेला नाहीत, एवढंच. तुम्ही विषय टाळता, म्हणून तेही टाळतं. मुद्दाम समोर बसवून प्रवचन देऊ नका. आजोबांचा चष्मा, रेल्वेचा जुना पास, काही ठेवलं असेल ते काढा आणि त्याच्यादेखत आवरायला घ्या. प्रश्न आपोआप येतील. 'मला का नाही सांगितलं?' असं विचारलं, तर 'आम्हालाच सांगायची हिंमत नव्हती' हे उत्तर पुरेसं आहे.

आता मला सुचलेल्या दोन गोष्टी सांगते. दोन्ही करून बघण्यासारख्या आहेत.

पहिली साधी. घरून काम करता त्या दिवशीही संध्याकाळी घरी या. म्हणजे लॅपटॉप मिटवा, चप्पल घाला, खाली उतरा, इमारतीला किंवा चौकाला एक फेरी मारा, जमलं तर शेंगदाण्याची पुडी नाहीतर बोरं घ्या आणि वर येऊन बेल वाजवा. हसाल तुम्ही. पण संध्याकाळी आई दारात आली की मूल सगळा दिवस तिथल्या तिथे, तिच्या पायातली चप्पलही न काढू देता सांगून टाकायचं. कोण रडलं, कुणी ढकललं, भाजी का टाकली. मी वर्षानुवर्षं माझ्या दारात ते ऐकलंय. दिवसभर घरातच असलेल्या माणसाला हे सांगायची वेळ मुलाला सापडत नाही, कारण ते माणूस कधी 'येतच' नाही. दिवसभर समोर असूनही त्याला काही माहीत नसतं. एका बाबांनी हा प्रयोग केला. पहिले काही दिवस मुलगी नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकदा बेल वाजल्यावर दार उघडून म्हणाली, 'आज उशीर केलात.' त्यांना त्याचं इतकं बरं वाटलं, की त्यांनी मला लगेच फोन केला.

दुसरी गोष्ट जरा खटपटीची आहे. पूर्वी आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणा एका घरावर भार नाही आणि मुलाचं पोट रोज भरतं. तसे तुम्ही चार घरांनी मुलांच्या संध्याकाळसाठी वार लावा. प्रत्येक घराची एक संध्याकाळ, साडेचार ते साडेसहा. त्या दिवशी त्या घरातलं एक मोठं माणूस कामातून पूर्ण मोकळं. बाकीच्या तीन घरांतल्यांनी दार लावून निवांत काम करावं. हे करोनाच्या आधी शक्यच नव्हतं, कारण साडेचारला आपण सगळे सीएसएमटी नाहीतर दादर, घाटकोपरला असायचो. करोनानंतर कामाच्या पद्धतीत जे थोडं सैलपण आलंय, त्याचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही. दाताच्या डॉक्टरकडे जायला आपण दोन तास मागून घेतोच की नाही? तसे हे मागून घ्या. रोज अर्धवट मोकळं राहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पूर्ण मोकळं राहिलेलं मुलांना चालतं, तुमच्या साहेबांनाही चालेल.

हे जमवताना काही खाचाखोचा आहेत. वार आईच्या नावावर लिहू नका, घराच्या नावावर लिहा आणि आईबापांनी आलटून पालटून घ्या; नाहीतर चार आयांची नवी नोकरी सुरू होईल. मुलं एकाच वयाची नकोत. सात वर्षांच्याला पाच वर्षांच्यावर दादागिरी करायला मिळाली की तो निम्मं सांभाळून घेतो. खायला एकच पदार्थ, उपमा नाहीतर गूळ-शेंगदाण्याचे लाडू. कुणाला काय सोसत नाही, ते आधी विचारा. सगळ्यांच्या आवडी विचारत बसू नका. काही 'अ‍ॅक्टिव्हिटी' आखू नका, कृपा करा. जुन्या चादरी, खुर्च्या आणि दोन तास, बास. टीव्ही बंद. बारा-तेरा वर्षांची मुलं यात येणार नाहीत, त्यांना कमीपणा वाटतो. त्यांना घराची एक किल्ली द्या आणि धाकट्यांना शाळेच्या रिक्षातून उतरवून घेण्याचं काम द्या.

भांडणं होतील. ओरखडे निघतील, कुणाची बाटली फुटेल, 'मी त्यांच्या घरी परत जाणार नाही' होईल. त्या संध्याकाळी त्या घरी फोन करू नका. पुढचा वार यायला आठवडा असतो, आणि मुलांचा राग इतका लांब टिकत नाही, मोठ्यांचा टिकतो.

चार घरं जमली नाहीत, तर निवृत्त शेजारणीला विचारा, पण तिला 'आजी, जरा बघाल का' असं गोड बोलून फुकटात अडकवू नका. आधी पैशांचं बोला, मग मायेचं. आणि नशिबानं चांगलं पाळणाघर अजून चालू असेल, तर घरून कामाच्या दिवशीही मुलाला दोन-तीन तास तिथे पाठवा. कुणी नावं ठेवली तर ठेवू देत. फक्त मीटिंग लांबली आणि उशीर होणार असेल, तर आधी कळवा. पाळणाघरवालीलाही तिच्या घरचा कुकर लावायचा असतो.